अण्णांना पसंत पडेल अशी मीटिंग

शाळेच्या पायरीवर चपलांचे एकोणीस जोड होते. अठरा जोडांची टोकं दाराकडे होती, म्हणजे माणसं चालत आली, चपला काढल्या आणि सरळ आत गेली. एकोणिसाव्या जोडाची टोकं रस्त्याकडे होती आणि टाचा दाराकडे. असा जोड आपोआप पडत नाही. त्यासाठी माणसाला दारात पोचल्यावर वळावं लागतं, पाठमोरं उभं राहून चपला काढाव्या लागतात आणि मग एक पाऊल मागे टाकत आत शिरावं लागतं. समोरच्या किराणा दुकानाच्या कट्ट्यावर बसून कविताने घड्याळ पाहिलं. अकराव्या मिनिटाला त्या चपलांचा मालक बाहेर आला, खाली न बघता त्यांत पाय सरकवले आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“काय झालं?”

“नाही जमणार,” अण्णा म्हणाले आणि बसथांब्याकडे चालू लागले.

जुन्या हुबळीतल्या त्या शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला, पोरं घरी गेल्यावर, दारू सोडलेल्यांची आणि सोडू बघणाऱ्यांची मीटिंग भरायची. अण्णांना अशीच एखादी मीटिंग धरायची होती. म्हणजे त्यांना धरायची नव्हती, पण धरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

अण्णांचं नाव आनंदा, कविताचे ते थोरले भाऊ. हुबळीतल्या अमरगोळच्या मार्केट यार्डात त्यांची पस्तीस वर्षं मिरचीची अडत होती, आणि पिण्याला साधारण तेवढीच वर्षं झाली होती. सुरुवातीला ते सौदे आटोपल्यावर घ्यायचे, मग सौद्यांच्या आधी. शेवटी शेवटी सौदे मुलगा चेतन करायचा आणि अण्णा दुकानाच्या मागच्या खोलीत विश्रांती घ्यायचे. अशाच एका विश्रांतीतून ते थेट दवाखान्यात जागे झाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, औषधं त्यांचं काम करतील, पण या रोगाच्या माणसाला याच रोगाच्या माणसांत बसावं लागतं. एखादा ग्रुप धरा. हे त्यांनी आदल्या खेपेलाही सांगितलं होतं. तेव्हा अण्णा म्हणाले होते, मनाचा निश्चय असला की पुरे. तो निश्चय एकोणचाळीस दिवस पुरला.

या खेपेला सुशीलावहिनींनी निश्चयावर भरवसा ठेवला नाही. दवाखान्यातून सुटले त्या दिवशी त्यांनी अण्णांची बॅग भरली आणि त्यांची रवानगी धारवाडला, सप्तापुरात कविताच्या घरी केली. निरोप एवढाच होता, की एक मीटिंग धरा, तिथं टिका, मग घरी या. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा, तोही अण्णांना नव्हे, कविताला.

“वन्सं, धरली का?”

“बघतोय, वहिनी.”

एवढं म्हटलं की वहिनी फोन ठेवायच्या. कविताने एकदा मोजलं, सरासरी नऊ सेकंद.

जुन्या हुबळीची मीटिंग सहाव्या दिवशी पाहिली होती. त्यानंतर शोध सुरू झाला, आणि तो शोध कसा होता हे कळायला अण्णा मिरची कशी बघतात ते माहीत हवं. ढिगाऱ्यातून ते एकच मिरची उचलतात. ती मोडतात, वास घेतात, दुसरी एखादी कानाशी धरून हलवतात, बियांचा आवाज ऐकतात, आणि अख्ख्या ढिगाचा निकाल देऊन टाकतात. हा निकाल फारसा चुकत नाही, पिऊन असतानाही फारसा चुकला नाही, हे कवितालाही मान्य होतं. घोटाळा एवढाच झाला, की मीटिंगाही ते तशाच बघू लागले. जायचं, एका माणसाचं बोलणं ऐकायचं, आणि सगळ्या ग्रुपचा भाव ठरवून उठायचं.

कविताची रीत याच्या अगदी उलट. निवृत्त होईपर्यंत ती बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत होती. मिरचीचंच बी घ्या. चारशे बिया ओल्या कागदावर मांडायच्या, सातव्या दिवशी पहिली मोजणी करायची, चौदाव्या दिवशी शेवटची. तिसऱ्या दिवशी सगळ्या बिया मेल्यासारख्याच दिसतात. त्या दिवशी निकाल दिला असता तर या मुलखात कुणी मिरची लावलीच नसती, असं ती नवीन लागलेल्या मुलींना सांगायची. अण्णांनाही सांगून पाहिलं. ते म्हणाले, तू पगार घेऊन चौदा दिवस वाट बघत होतीस, मला गाडी उभी असताना बघायचं असतं.

घराजवळ, सप्तापुरातच, एक मीटिंग होती. तिथं विद्यापीठातली आणि कॉलेजातली मंडळी यायची आणि बरंचसं इंग्रजीत बोलायची. अण्णा तिथून परत आले ते खूश होऊन. पोरं आहेत, म्हणाले, आपल्या आतल्या भावना सांगतात. यांनी अजून दारू सोडावी एवढी प्यायलेलीच नाही, आधी धड पिऊन तरी येऊ देत.

मग हुबळीत एका चर्चच्या हॉलमधली. तिथला चहा चांगला होता, आल्याचा, आणि बिस्किटं दोन प्रकारची. माणसंही कान देऊन ऐकणारी. पण निघताना तिथल्या प्रमुखांनी अण्णांना मिठी मारली. सदुसष्ट वर्षांत आपल्याला कुणी मिठी मारलेली नाही, सुशीलेनेसुद्धा चारचौघांत मारलेली नाही, आणि या वयात ती सवय लावून घ्यायची नाही, असं त्यांनी बसमध्ये जाहीर केलं. बस भरलेली होती. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं.

त्यानंतर एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या गच्चीवरची. ती नापसंत पडली, कारण तिथं सगळेच रडत होते. अण्णांचं म्हणणं, इतक्या दमट जागी माल टिकत नाही.

शेवटी कविताने फोनवरची मीटिंग शोधून काढली. कोल्हापूर-सांगलीकडची माणसं, सगळं मराठीत, घरबसल्या. अण्णांनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली आणि फोन पुस्तकांना टेकवून त्याच्यासमोर असे बसले, जणू फोटो काढून घ्यायचा आहे. पडद्यावर चौकटी उघडत गेल्या. पाचव्या चौकटीत चेतनचे सासरे होते, इचलकरंजीचे रामचंद्रराव. मुलांच्या लग्नात या दोघा व्याह्यांनी एकमेकांना अगदी शपथेवर सांगितलं होतं, की आमच्या घराण्यात कुणी शिवतसुद्धा नाही. दोघांनी एकाच क्षणी फोन पालथे घातले.

“यांचं तरी काय वाईट होतं?” कविताने विचारलं. “उलट आता दोघं मिळून जाता येईल.”

“तू गप बस,” अण्णा म्हणाले. पण त्या दिवशी ते जेवताना दोनदा स्वतःशीच हसले. मग म्हणाले, तरीच लग्नात सारखा पान खात होता.

दिवस मात्र सरत होते. कविता भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही लिहीत नव्हती, पण तिच्या डोक्यात आकडा रोज एकाने वाढत होता. बत्तीस. तेहतीस. मागच्या खेपेला छत्तिसाव्या दिवसापासून अण्णा अबोल झाले होते, अडतिसाव्याला चेतनवर विनाकारण ओरडले होते, आणि एकोणचाळिसाव्याला संपलं. आता चौतिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी चहा अर्धा टाकला. दुपारी अंगणातल्या नळावर दोनदा तोंड धुतलं. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, की आणखी एकदा तसं झालं तर यकृत तिसरी संधी देणार नाही. हे अण्णांनाही माहीत होतं. म्हणूनच कदाचित त्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं, आता कुठली राहिली?

“राहिली नाही. पाचही झाल्या.”

“दोन गावं मिळून पाचच?”

“तुझ्या पसंतीला उतरणारं स्थळ पन्नासांतही मिळायचं नाही, अण्णा. माझी स्थळं बघायला तूच जायचास, आठवतं?”

दोघं मागच्या पडवीत बसली होती. अण्णा तिच्या वर्षाच्या तिखटासाठी आणलेल्या ब्याडगी मिरच्यांचे देठ काढत होते. वडील लवकर गेले, त्यामुळे कवितासाठी मुलं बघायचं काम अण्णांवर आलं होतं, आणि त्यांनी ते मनापासून केलं होतं. चार वर्षांत सात मुलं पाहिली. निपाणीचा पोहे खाताना बोलायचा. सांगलीच्याच्या घराला पायऱ्या फार होत्या, म्हणजे पुढेमागे गुडघे जाणार. बेळगावचा बोलताना डोळे मिटून घ्यायचा. एक मुलगा जतचा होता. त्याच्यात नाव ठेवायला काहीच सापडलं नाही, म्हणून अण्णांना संशय आला.

“तुझ्या भल्यासाठीच केलं की,” अण्णा म्हणाले.

“मी कुठं नाही म्हटलं? बिया मोजण्यात आयुष्य बरं गेलं.”

अण्णांनी तीनचार देठ काढले. “वाईट वाटतं का गं कधी?”

“सहा जणांचं नाही वाटत,” कविता म्हणाली. “जतच्याचं थोडंसं.”

ती आत गेली आणि वही घेऊन आली. साधी शाळेची वही. त्यात तिने रकाने आखून पाच मीटिंगांच्या पाच ओळी लिहिल्या होत्या. जागा, वार, अण्णा किती वेळ बसले, आणि नापसंतीचं कारण. सप्तापूर, चाळीस मिनिटं: पोरं आहेत. चर्च, सव्वा तास: मिठी. गच्ची, पंचवीस मिनिटं: दमट. फोन, दीड मिनिट: व्याही. तिने वही त्यांच्यासमोर धरली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. जुनी हुबळी, अकरा मिनिटं. पुढचा रकाना रिकामा होता.

“याचं कारण तू सांगितलंच नाहीस.”

“नाही जमणार म्हटलं होतं.”

“तो निकाल झाला. मी कारण विचारतेय. जतच्यालासुद्धा तू कारण शोधून काढलंस, आणि या मीटिंगला एक शब्द नाही. चार मीटिंगांना कारणं आहेत, म्हणजे त्या चारांत खरी अडचण काही नाही. जे आहे ते इथं आहे.”

अण्णांनी एक मिरची मोडली आणि वास घेतला. मग म्हणाले, “तिथं सटवाजी आहे.”

सटवाजी कोण हे कविताला आठवायला जरा वेळ लागला. अळणावरकडच्या एका खेड्यातला माणूस, अण्णांच्या दुकानावर वीस वर्षं हमाल होता. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी त्याला काढून टाकलं. मार्चमध्ये एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि यार्डात उघड्यावर पसरलेला मिरचीचा मोठा ढीग भिजून काळा पडला. सटवाजी पिऊन पडला होता, त्याने ताडपत्र्या घातल्या नाहीत, असं अण्णांनी सगळ्यांना सांगितलं होतं. सटवाजी पितो हे यार्डाला माहीत होतं, त्यामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही. त्याच्या बायकोनेही नाही.

आता अण्णांनी उरलेलं सांगितलं, सगळं मिरच्यांना उद्देशून. ताडपत्र्या मागच्या खोलीशेजारच्या कोठीत कुलपात होत्या. किल्ली अण्णांच्या कनवटीला होती, आणि अण्णा मागच्या खोलीत आतून कडी लावून विश्रांती घेत होते. दार वाजलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. त्यांनी ते ऐकलं होतं. उठवत नव्हतं म्हणून ते उठले नाहीत. नंतर ढीग बघायला माणसं जमली तेव्हा तोंडाला पहिलं नाव सटवाजीचं आलं, आणि एकदा बोललेलं मागे घ्यायचं राहून गेलं.

“त्या शाळेत चहा तोच देतो,” अण्णा म्हणाले. “दोन वर्षं झाली म्हणे, थेंबाला शिवलेला नाही. मला बघितलं आणि म्हणाला, या आनंदा.”

“हमालाने नावाने हाक मारली म्हणून उठलास?”

“तिथं सगळ्यांना नावानेच हाक मारतात.” अण्णांनी हातातली मिरची परातीत टाकली. “तेवढंच म्हणाला, दुसरं काही म्हणाला नाही, म्हणून उठलो.”

कविताने वही मिटली. तिला सांत्वन करता येत नसे, आणि करता येत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून ती करतही नसे. महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी त्या मीटिंगला घरच्यांनाही बसू देतात, एवढं तिने सांगितलं. हा शुक्रवार शेवटचा होता. ती जाणार होती. अण्णांना यायचं असेल तर यावं.

सदतिसाव्या दिवशी अण्णा तिच्याआधी तयार होऊन दारात उभे होते. इथं चिगरी म्हणतात त्या जलद बसने दोघं धारवाडहून हुबळीला आली. उतरल्यावर अण्णा म्हणाले, तुझी पर्स नीट धर, या भागात गर्दी असते. या भागात त्यांचा जन्म झाला होता.

वर्गात तिसरीच्या मुलांची बाकं होती. मोठी माणसं त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि त्यामुळे सगळीच जरा शिक्षा झाल्यासारखी दिसत होती. मीटिंग चालवणारे राघवेंद्र पूर्वी टपाल वाटायचे. त्यांनी कन्नडमध्ये नियम सांगितला: इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं, आणि ज्याने त्याने आपलं सांगायचं, दुसऱ्याचं नाही. कोपऱ्यात पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस किटलीतून चहा ओतत होता. त्याने अण्णांना कप दिला, कविताला दिला, “घ्या अक्का” म्हणाला आणि आपल्या बाकावर जाऊन बसला.

दोघेतिघे बोलले. मग राघवेंद्रांनी अण्णांकडे पाहिलं.

अण्णा उभे राहिले आणि कन्नडमध्ये सुरू झाले. बाजाराची कन्नड अण्णांची फार ऐटबाज. पहिला पेला कुणी पाजला, दुकानात बाटली कुठं कुठं लपवायचो, मिरचीच्या पोत्यात ठेवलेली बाटली एकदा तशीच गिऱ्हाइकाकडे कशी गेली. माणसं हसली. राघवेंद्रही हसले. कविता हसली नाही. तिला हा आवाज ओळखीचा होता. ढिगाच्या तळाशी ओला माल असला की अण्णा वरच्या मिरच्यांचं असंच कौतुक करतात.

मध्येच एका वाक्याशी अण्णा थांबले. “साकु,” ते म्हणाले. पुरे. कपाळ पुसलं, आणि मग मराठीत बोलू लागले. मराठी घरात बोलायची भाषा. तीत त्यांना कधी काही विकावं लागलं नव्हतं, त्यामुळे ते फार अडखळत बोलत होते. कुलूप सांगितलं, किल्ली सांगितली. दार दोनदा वाजलं आणि आपण ऐकलं, हेही सांगितलं. ढीग सटवाजीमुळे भिजला नाही, माझ्यामुळे भिजला, असं त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा आवाज नीट आला नव्हता. वर्गात सगळ्यांनाच मराठी समजत नसावं, पण कुणी हललं नाही.

सटवाजी आपल्या बाकावरून उठला नाही. “ठाव होतं मला,” तो म्हणाला. “दार मीच वाजवलं होतं की.”

“मग त्या दिवशी मला इथं बघितलंस तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुमचं हाय ते. मी कसं सांगू? हितला नियमच हाय तसा.” त्याने रिकामा कप बाकाखाली ठेवला. “आन् मी बी त्या दिवशी प्यालो होतोच. ते काय तुम्ही खोटं सांगितलं न्हवतं. माझं मी सांगून मोकळा झालोय. तुमच्यापायी थांबलोय असं नका समजू.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, आणि हसू नये म्हणून खोकलं.

“सोमवारी यार्डात सांगतो,” अण्णा म्हणाले. “चेतनच्या समोर. सगळ्या हमालांच्या समोर.”

“ते यार्डाचं यार्डात.” सटवाजीने मिशीवरून हात फिरवला. “बघा की आनंदा, त्या दिवशी तुम्ही उठून गेलात, तवापासून चार ठिकाणी जाऊन आलात म्हणं. आमच्यात बातमी लगेच फिरतीया. आता ही तुमची सहावी खेप. हितं परत येणार, का अजून एखादी बघायची राहिलीय?”

अण्णांनी वर्गावरून नजर फिरवली. फळ्यावर तिसरीचा पाढा अर्धा पुसलेला होता. कविता त्यांच्याकडे बघत नव्हती. ती हातातल्या कपाकडे बघत होती, आणि कपातला चहा कधीच संपला होता.

“दुसरी नाही बघायची,” अण्णा म्हणाले. “मी हीच धरली.”